अर्धलीच्या गोळ्या

अँजिओग्राफीचा रिपोर्ट चांगला आला, तेव्हा घरात मी सोडून सगळ्यांना आनंद झाला. पोरानं पेढे आणले. घरचीनं देवापुढं दिवा लावला. मी खाटेवर छातीला हात लावून बसलो होतो, कारण तेव्हाही दुखत होतं.

दुखणं कसं ते आधी सांगतो. छातीच्या मधोमध कुणी गुडघा रोवून बसल्यासारखं. तिथून डाव्या जबड्यात चढायचं आणि दातांत भरून राहायचं. चढ चढताना यायचं, तसं नुसतं बसल्या जागीही यायचं, आणि थंडीत सकाळी गार पाणी तोंडावर मारलं की हमखास. कधी पाच मिनिटं, कधी वीस. मी चाळीस वर्षं शेळ्यामेंढ्यांचा धंदा केला. आमचं गाव सांगोल्याच्या बाजूला, माळरानाचं. तिकडनं जनावरं आणायची आणि सोलापूरच्या बाजारात विकायची. दिवसाला दहा कोस चाललेला माणूस मी. शाळा चौथीपर्यंत झाली, पण मला कुठं दुखतंय हे सांगायला चौथी पुरते.

सोलापुरातल्या हृदयाच्या डॉक्टरनं मला पडद्यावर फोटो दाखवला. "बघा आजोबा, नळ्या एकदम स्वच्छ. कुठंही ब्लॉक नाही. नशीबवान आहात."

"मग दुखतंय कशानं?"

"गॅस असेल. वयही झालं. फार विचार करत जाऊ नका."

"डाक्टर, मागल्या टायमाला तुमी मला पट्ट्यावर पळीवलं. तवा तुमचंच मशीन म्हनलं की वाईट हाय."

"ते मशीन कधीकधी चुकतं."

"मग हे चुकलं नसंल कशावरनं?"

त्यांनी घंटी दाबली आणि पुढच्या पेशंटाचं नाव पुकारलं.

मला राग आला तो दुखण्याचा नाही. बाजारात माझ्या शब्दाला किंमत होती. शेळी गाभण आहे असं मी म्हटलं तर गिऱ्हाईक पोट चाचपून बघत नसे. आणि आता माझ्याच घरात माझं कुणी खरं धरेना. पोरगा टॉवेलच्या कारखान्यात कामाला आहे, शहाणा आहे. तो म्हणाला, "आप्पा, एवढं मोटं डाक्टर म्हनत्यात कायबी न्हाय, तर न्हाय. तुमी धंदा सोडला, घरात बसून र्‍हायलाय, त्यानं मनात येतंय." घरची तर चुलीपुढनंच बोलायची, "दुखतंय म्हनत्यात, आनि दोन भाकरी कशा वो जात्यात मग?"

दोन भाकरी जात होत्या हे खरं. पण त्यानं दुखणं खोटं कसं ठरतं, ते मला अजून कुणी समजावून सांगितलेलं नाही.

पुढं पोरानं मला मनाच्या डॉक्टरकडं नेलं. रिक्षात बसेपर्यंत कुठं चाललोय ते सांगितलं नव्हतं. दारावरची पाटी वाचली आणि मी तिथंच पायरीवर बसलो. "मी येडा हाय व्हय रं?" पोरगा म्हणाला, "आप्पा, लोक बघत्यात." मी म्हटलं, "बघू दे की. येड्याकडं बघत्यातच."

पण तो डॉक्टर शांत माणूस निघाला. त्यानं दोन-चार प्रश्न विचारले, झोपेचं विचारलं, मग माझी फाइल उलटीपालटी करून म्हणाला, "तुमच्या मनाला काही झालेलं नाही. पुण्यात एक डॉक्टरबाई आहेत. ज्यांचा फोटो स्वच्छ येतो पण दुखायचं थांबत नाही, असेच पेशंट त्या बघतात. त्यांच्याकडं जा." आणि चिठ्ठी लिहून दिली.

मी चिठ्ठी घेतली, पण मनात पाल चुकचुकली. बाजारात दलाल हेच करतात. माझ्याकडं नाही बसलं गिऱ्हाईक, तर तुझ्याकडं पाठवतो, माझं काय ते बघ. चिठ्ठी सहा आठवडे मी उशीखाली ठेवली. एकदा सकाळी तोंड धुताना मोरीतच बसायची पाळी आली, तेव्हा काढली.

पुण्याच्या डॉक्टरबाईंनी मला तासभर ऐकून घेतलं. कधी येतं, कुठनं सुरू होतं, कुठं जातं, काय केल्यावर थांबतं, झोपेतनं जाग येते का. मी बोलत होतो आणि त्या लिहीत होत्या. आतापर्यंत माझं बोलणं कुणी लिहून घेतलं नव्हतं. मला बरं वाटायला पाहिजे होतं, पण मी मनात म्हटलं, जो एवढं ऐकून घेतो त्याला काहीतरी विकायचं असतं.

त्या म्हणाल्या, "आजोबा, हृदयाच्या मोठ्या रक्तवाहिन्या फोटोत दिसतात. त्यांच्यापुढं केसाएवढ्या बारीक वाहिन्या असतात, त्या फोटोत येत नाहीत. तुमच्या बहुतेक त्याच नीट उघडत नाहीत."

"दिसत न्हाईत म्हनताय, मग तुमाला कशा दिसल्या?"

"दिसत नाहीतच. पण त्यांच्यातनं रक्त किती जातं ते मोजता येतं."

मोजतो म्हणणाऱ्या माणसाशी मला बोलता येतं. मी हो म्हटलं.

तपासणीच्या दिवशी मनगटातनं एक तार आत घातली. मी जागाच होतो. एक औषध सोडलं आणि थोड्या वेळात तोच गुडघा छातीवर येऊन बसला. तोच जबडा, तेच दात. मी ओरडणार, तेवढ्यात डॉक्टरबाईंनी विचारलं, "हेच का तुमचं दुखणं?"

"ह्येच. ह्येच की वो!"

"दिसतंय मला इथं. लगेच थांबवते." आणि दुसरं औषध सोडून थांबवलं.

दुखताना आनंद झालाय असं माझ्या आयुष्यात ते एकदाच. डोळ्यांतनं पाणी आलं ते मी दुखण्यावर ढकललं.

त्या आजाराचं नाव मायक्रोव्हॅस्क्युलर अंजायना. मला ते नीट म्हणता यायला चार दिवस लागले. निघताना मी बाईंना म्हटलं, मला हे मराठीत लिहून द्या आणि खाली शिक्का मारा. त्यांनी विचारलं, "कशाला?" मी म्हटलं, "घरी दावायला." त्यांनी लिहून दिलं. पोरानं तो कागद घरात मोठ्यानं वाचला. घरची पीठ मळायची थांबली. "म्हंजी खरंच दुखत हुतं व्हय?" म्हणाली, आणि मग दिवसभर माझ्याशी बोलली नाही. तो कागद घेऊन मी सोलापूरच्या डॉक्टरकडंही गेलो. त्यांनी वाचला, "अच्छा," म्हणाले आणि परत दिला. तेवढंच.

बाईंनी चालू केलेल्या गोळ्यांनी दुखणं अर्ध्यावर आलं, पण गेलं नाही. तेव्हा त्यांनी दुसरी गोष्ट काढली. एका नव्या गोळीची चाचणी चालली होती. आमच्यासारख्यांसाठीच. चालू गोळ्या घेत राहायच्या आणि वर ही.

"पण आधी नीट ऐका," त्या म्हणाल्या. "निम्म्या लोकांना औषधाची गोळी मिळते आणि निम्म्यांना हुबेहूब तशीच, पण बिनऔषधाची. कुणाला कुठली, ते संगणक ठरवतो. तुम्हाला कळणार नाही आणि मलाही कळणार नाही."

"बाई, मी उभा जल्म बाजारात काढला. माल काय हाय ते मालकालाच म्हाईत न्हाय, असला व्यापारी मी बघितला न्हाय."

त्या हसल्या. "मी विकत नाही हो काही."

"फुकट देणाऱ्याला तर मी जास्त भितो."

कागद पंधरा-वीस पानांचा होता. आणि सही करतानाचा व्हिडिओ काढणार म्हणाले. हे ऐकल्यावर मी टोपी उचलली. आमच्या भावकीतल्या एकाचा असाच फोटो आणि अंगठा घेतला होता, आणि वर्षानं त्याला कळलं की विहिरीकडचा तुकडा आपला राहिलेला नाही. बाईंनी समजावलं की व्हिडिओ तुमच्याचसाठी, सगळं समजावून सांगितलं होतं याचा पुरावा म्हणून. मी म्हटलं, पुरावा ज्याच्या कपाटात, त्याच्यासाठी असतो. त्या चिडल्या नाहीत. "कागद घरी न्या. वाचून घ्या. नको वाटलं तर नाही म्हणा. मी तुम्हाला तपासतच राहीन, चाचणीत आलात किंवा नाही आलात तरी."

कागद पोराकडून वाचून घेतला. पोरगा मधलं गाळत असेल म्हणून दुसऱ्या दिवशी तोच कागद शेजारच्या रिटायर मास्तरांकडून वाचून घेतला. दोघांचं जुळलं. त्यात लिहिलं होतं की गोळ्या दुसऱ्या कुणाला द्यायच्या नाहीत, आणि कधीही बाहेर पडता येतं. मी आठ दिवस विचार केला. शेवटी गेलो ते गोळीसाठी नाही. त्या बाईनं माझं खरं धरलं होतं, म्हणून गेलो. व्हिडिओत मला विचारलं, सगळं समजलं का? मी म्हटलं, "समजलं. इस्वास बसायचा हाय अजून." ते तसंच त्या व्हिडिओत आहे.

महिन्याला एक पांढरी बाटली. साठ गोळ्या, सकाळ-संध्याकाळ एक-एक. सोबत वही. दुखलं की उभी रेघ मारायची. महिन्यानं पुण्याला जायचं, बाटली परत द्यायची. एक मुलगी उरलेल्या गोळ्या ताटलीत ओतून मोजायची आणि लिहायची. "मोजता कशाला? मी खाल्ल्या म्हनतोय न्हवं?" मी विचारलं. ती म्हणाली, "सगळ्यांच्याच मोजतो आजोबा." हे उत्तर मला आवडलं नाही. सगळ्यांच्यात मला धरायचं कारण नव्हतं.

पण पहिल्या महिन्यातच रेघा कमी झाल्या. रोजच्या चारावरनं एकावर आल्या. काही दिवशी तर वही कोरी. मी कुणाला बोललो नाही, पण मनात ओळखलं की आपल्या बाटलीत खरा माल आहे.

दुसऱ्या महिन्याला पुण्याच्या गाडीत समोर एक बाई येऊन बसली. साठीची, बारीक अंगाची, मोठं कुंकू. माझ्या पिशवीतली वही बघून म्हणाली, "काय ओ अण्णा, तुमी पण छातीवाले का?"

मी पिशवी मांडीखाली घेतली. मला वाटलं, दवाखान्यानंच हिला सोडली असेल, मी काय बोलतो ते बघायला. "कुनी सांगितलं?" मी म्हटलं.

"वही सांगतीय की. माझ्याकडं पण तसलीच हाय." तिनं काढून दाखवली. मी ती हातात घेऊन चाळली. पानं रेघांनी भरली होती. काळं शेत दिसावं तशी.

ती विडी वळणारी. दहाव्या वर्षापासून बोटं चालू. घरात तेलुगू, कारखान्यात मराठी, आणि रागावली की दोन्ही. वळायला बसलं की छातीत धरायचं, जबडा धरायचा. तिलाही सोलापुरात सांगितलं होतं की नळ्या साफ आहेत. "मला म्हनले, बायकांचं असंच असतंय, मनाला लावून घेतेत. मी म्हनले, डाक्टर, मी मनाला लावून घेतलं असतं तर तीस वर्षापूर्वीच नवऱ्याला सोडले असते की!" सगळा डबा हसला. मी पण हसलो. मग आम्ही दोघांनी आपापलं दुखणं ताडून बघितलं. गुडघा? व्हय. जबडा? व्हय. गार पाणी? "गार पानी तर बाई नाव काडू नका." दोन व्यापारी एकाच कळपातल्या शेळ्या ओळखतात, तसं झालं. त्या दिवसापासून ती मला अण्णा, मी तिला अक्का. आमच्या तारखा एकाच दिवशी येत.

तिसऱ्या महिन्याला पुण्याहून परत आलो. दुपारची वेळ. सोलापूर स्टेशनच्या पुलावर चढताना अक्का मध्येच बसली. जबडा दोन्ही हातांनी धरलेला. लोक तिच्या बाजूनं जात होते. एकजण म्हणाला, "मावशी, कडंला बसा की." मी त्याला काय बोललो ते इथं लिहीत नाही. जिभेखालची गोळी दिल्यावर तिला थोड्या वेळानं उतार पडला. पण मी उभा होतो, आणि मला काहीसुद्धा होत नव्हतं. तोच पूल मीही चढलो होतो.

तिला खाली आणून फलाटावरच्या बाकड्यावर बसवलं, आणि तिथंच मी बोललो. आमच्याकडं गरीब बाईला शेळी अर्धलीनं देतात. शेळी मालकाचीच, चारणं-पाजणं त्या बाईचं, आणि करडं झाली की निम्मी त्याची, निम्मी तिची. मी अशा पुष्कळ शेळ्या दिल्या. कागद कधी केला नाही. ज्याच्याकडं आहे त्यानं अर्धलीनं द्यावं, हे मला कुणी शिकवायला लागलं नाही.

"अक्का, तुमच्या बाटलीत काय न्हाय. माझ्यात हाय. अर्धली करू."

"म्हंजे?"

"माझ्यातल्या तीस तुमच्यात, तुमच्यातल्या तीस माझ्यात. दोगांलाबी निम्मं औशद."

ती घाबरली. "डाक्टरबाई रागावतील की ओ."

"त्यांनाच म्हाईत न्हाय कुनाला काय दिलंय. मग बिगडतंय काय?"

"ती पोरगी मोजतीय."

"मोजू दे की. साठच्या साठ भरतील."

"अण्णा, त्या व्हिडिओत आपन कबूल केलोय. कुनाला देनार नाही म्हनून."

"देतंय कोन? बदलतोय."

धंद्यात अशी वाक्यं मी पुष्कळ वापरलेली. ती पटल्यासारखी झाली. आम्ही रुमालावर गोळ्या ओतल्या आणि तीस-तीस मोजून घेतल्या. दोन्ही गोळ्या इतक्या सारख्या, की बाटलीत पडल्यावर आपली कुठली आणि परकी कुठली, हे देवालाही कळलं नसतं. अक्का बाटली हलवून म्हणाली, "आता संगनकाला पन कळनार नाही." त्या वेळी मला माझंच कौतुक वाटलं. सगळ्या दवाखान्याला जे जमलं नाही ते आपण बाकड्यावर बसून केलं.

पुढं पंधरा दिवस ठीक गेले. माझ्या रेघा दिवसाला दोन झाल्या, तेवढ्या मी धरूनच चाललो होतो. अक्कानं फोनवर सांगितलं की तिच्या कमी झाल्या. "अण्णा, काल शंभर विड्या वळले, बसून एकदम!" माझी छाती फुगली, दुखली तरी.

एकविसाव्या दिवशी तिच्या लेकीचा फोन आला. आई सकाळी नळावर पडली. कपाळाला सात टाके. ब्लडप्रेशर एकदम खाली गेलंय. मी रिक्षा करून दवाखान्यात गेलो. अक्का पलंगावर, तोंड पांढरं, हातात सलाईन. लेक मला बाहेरच्या बाजूला घेऊन सांगू लागली.

"मामा, आमी पुण्याच्या बाईंना फोन केला. ते कार्डावर नंबर हाय ना, कायबी झालं तर करा म्हनून. त्यांनी लगेच संगनकातलं कुलूप उघडून बघितलं, आईची गोळी कुठली ते. बिनऔषधाचीच हाय. म्हंजे गोळीनं काय झालेलं नाही. आता इथले डाक्टर म्हनतेत, आत कुठंतरी रक्त जात असंल. उद्या तोंडातनं नळी घालून पोट बघनार हायेत. डोक्याचा पन फोटो काढनार. काय निघतंय कुनास ठाऊक."

मी आत वळून बघितलं. अक्का माझ्याकडं बघत होती. लेक आमच्याकडं बघते आहे हे कळल्यावर तिनं नजर पंख्याकडं नेली. तिनं लेकीला सांगितलं नव्हतं. माझं नाव येऊ नये म्हणून.

मी जिन्याजवळच्या बाकड्यावर जाऊन बसलो. तासभर बसलो असेन. मी आजवर ज्यांच्या-ज्यांच्यावर संशय धरला होता ते सगळे त्या तासात आपापलं काम सरळ करत होते. बाईंनी फोन उचलला होता. कुलूप उघडलं होतं. इथले डॉक्टर कारण शोधत होते, आणि ते सापडणार नव्हतं, कारण ते माझ्याकडं होतं.

मनात काय काय आलं ते लपवत नाही. व्हिडिओ त्यांच्या कपाटात आहे, केस करतील असं आलं. गोळी बंद होईल, गुडघा परत छातीवर येऊन बसेल, असं आलं. अक्काला उद्यापर्यंत आपोआप बरं वाटेल, मग सांगायची गरजच नाही, असंही आलं. पण सगळ्यांत जास्त हे आलं, की एकाच माणसानं माझा शब्द कागदावर उतरवून घेतला होता, आणि आता तिलाच मी सांगायचं की आजोबा खोटारडे आहेत.

मी कार्डावरचा नंबर लावला.

"बाई, अक्काच्या पोटात माझ्या गोळ्या हायत."

मला वाटलं, रागावतील. त्यांनी विचारलं, "किती? कधीपासून?"

सांगितलं. तीस. गेल्या भेटीपासून.

"म्हणजे दिवसाला एक, कधी दोन. आणि त्याच भेटीत मी तिची बीपीची गोळी वाढवली होती," त्या म्हणाल्या, पण ते माझ्याशी नव्हतं. मग म्हणाल्या, "तुम्हाला चक्कर येते का? नाही? ठीक. दोघांनीही त्या बाटलीतली एकही गोळी आता घ्यायची नाही. मी तुमचंही कुलूप उघडून बघते. तिथंच थांबा, वॉर्डातल्या डॉक्टरांना फोन करते."

पाऊण तासात वॉर्डातल्या डॉक्टरांची धावपळ झाली. एक तरुण डॉक्टर माझ्याकडं बघत गेला. नळी घालायचं रद्द झालं. बीपीची गोळी थांबवली. दोन दिवसांत अक्का उठून बसली, आणि चौथ्या दिवशी लेकीला म्हणाली की इथल्या इडलीपेक्षा आपली शिळी बरी. लेक मात्र मला परत मामा म्हणाली नाही.

दोन आठवड्यांनी मी पुण्याला गेलो. या वेळी पोरगा रजा टाकून सोबत आला. न बोलावता आला, म्हणाला, आप्पा, मीबी येतो. सगळं त्याला सांगून झालं होतं. गाडीत तो फक्त एवढंच बोलला, "तीस मोजून बदलल्या. आप्पा, तुमी म्हंजी..." आणि खिडकीबाहेर बघून हसायला लागला. मला हसू आलं नाही.

डॉक्टरबाई नेहमीसारख्याच बोलल्या. हेच मला जड गेलं. "तुमची गोळी खरी होती," त्या म्हणाल्या. "तुमचा अंदाज बरोबर होता. पण आता तुम्ही दोघंही चाचणीतनं बाहेर. ही गोळी बाजारात मिळत नाही, त्यामुळं मी ती तुम्हाला देऊ शकत नाही. जुन्या गोळ्यांवरच काय करता येतं ते बघू. उपचार चालू राहतील, ते मी आधीच सांगितलं होतं."

"अक्काचेबी?"

"तिचेही."

"आनि माझी वही? पहिल्या दोन महिन्यांची तर खरी हाय. तवा अदलाबदल नव्हती."

त्यांनी वही हातात घेतली. "असं तुम्ही सांगताय," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. "ते तसंच असेल. पण आता ती वापरता येईल की नाही, हे मी ठरवू शकत नाही. वरच्या समितीला कळवलंय." आणि वही फाइलीत ठेवून दिली.

मग त्यांनी पेन उघडलं. "बरं. गोळी बंद झाल्यापासून कसं आहे? दिवसाला किती वेळा?"

"तीनदा. सकाळी तोंड धुताना, दुपारी जेवून उठल्यावर, आनि चारच्या सुमाराला."

एरवी मी बोलत असताना त्यांचं पेन चालू असायचं. आता ते कागदावर टेकलं आणि थांबलं. त्यांनी माझ्याकडं बघितलं. मग मान वळवून पोराकडं बघितलं. "घरी तुमच्या लक्षात येतं का? साधारण तीनदाच?"

मला जमिनीत जावंसं वाटलं. तरी मी मान वर ठेवली. ज्या पोरानं मला मनाच्या डॉक्टरच्या पायरीपर्यंत नेलं होतं, त्याच्या तोंडाकडं आता आम्ही दोघंही बघत होतो.

"व्हय मॅडम," पोरगा म्हणाला. "तीनदा. मी बघतोय की. सकाळचं लई असतंय, बसावं लागतंय त्यांना. दुपारी बी जबडा धरून बसत्यात. चारला जरा कमी."

बाईंनी लिहून घेतलं. एक गोळी बदलली, एक वाढवली, पुढची तारीख दिली.

परतीच्या गाडीत पोरगा लगेच झोपला. मी त्याच्याकडं बघत होतो. तो सकाळी सातला कारखान्यात जातो आणि संध्याकाळी सहाला घरी येतो. मी तोंड धुतो ते आठ वाजता. दुपारचं आणि चारचं दुखणं त्याला कुठनं दिसणार? का घरची त्याला सांगत असेल? ती आता चुलीपुढनं गप्पच बघत असते.

दौंड गेलं, कुर्डुवाडी गेली. पोराला जागं करून विचारावं असं दोनदा वाटलं. विचारलं नाही.